ठिणगी कॉइलची, गॅप प्लगचा

गाडी झटके मारायला लागली की पहिला संशय स्पार्क प्लगवर जातो, आणि बऱ्याचदा तो खराही असतो. पण प्लगचं नेमकं काम काय, हे गॅरेजमध्येही सहसा कुणी नीट सांगत नाही. 'प्लग वीक झालाय', 'प्लग करंट देत नाही' असं सर्रास बोललं जातं. प्लग करंट देतच नाही. त्याच्यात ना वायंडिंग, ना बॅटरी. वीज तयार करायची ती इग्निशन कॉइलने. प्लगकडे दोनच कामं आहेत. ज्वलनकक्षात ठरलेल्या अंतराची फट, म्हणजे गॅप, राखायची, म्हणजे वीज उडी मारेल ती तिथूनच. आणि टोकाशी साठणारी उष्णता आट्यांमधून सिलिंडर हेडमध्ये सोडायची. प्लगच्या जवळपास सगळ्या तक्रारी या दोनपैकी एका कामात बिघाड झाल्याच्या असतात.

१२ व्होल्टचे २० हजार कसे होतात

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेची दोन वायंडिंग असतात. प्रायमरी जाड तारेची, कमी वेढ्यांची. सेकंडरी केसासारख्या बारीक तारेची, प्रायमरीच्या साधारण शंभरपट वेढ्यांची. ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, प्रायमरीचं सर्किट २ ते ४ मिलिसेकंद जोडून ठेवतो. तेवढ्या वेळात तिच्यातला प्रवाह ६ ते ८ अँपिअरपर्यंत चढतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मग ईसीएम ते सर्किट एकदम तोडतो. क्षेत्र कोसळतं, प्रायमरीत तीन-चारशे व्होल्टचा झटका उठतो आणि सेकंडरीत ३० ते ४० हजार व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो.

चढू शकतो, पण रोज तेवढा चढत नाही. किती चढायचं हे गॅप ठरवतो. फटीतलं हवा-पेट्रोलचं मिश्रण ज्या व्होल्टेजला 'फुटतं' आणि वीज वाहू देतं, तिथेच चढण थांबते. मग व्होल्टेज घसरून हजार-दोन हजारांवर येतं आणि ठिणगी एक-दोन मिलिसेकंद जळत राहते. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, आठ-दहा हजार व्होल्टमध्ये भागतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून खंबाटकी किंवा कसारा चढताना तोच प्लग २० हजार, कधी त्याहूनही जास्त मागतो.

हा फरक येतो सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेमुळे. मोकळ्या हवेत वीज एक मिलिमीटर उडी मारते ती सुमारे ३ हजार व्होल्टला. हवा जितकी दाट, तितकं व्होल्टेज जास्त लागतं. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडीच शिरते. थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडर भरतो, पिस्टन ती सगळी हवा दहाव्या हिश्शाइतक्या जागेत दाबतो आणि फटीत उभा राहणारा अडथळा कितीतरी पटींनी वाढतो. झिजून गॅप वाढलेल्या प्लगची गाडी म्हणूनच सिग्नलला गुपचूप उभी असते आणि ओव्हरटेक करायला गेलात की झटका देते.

गॅरेजमधली जुनी परीक्षाही याच कारणाने फसवी आहे. प्लग बाहेर काढून कॅपला लावायचा, हेडला टेकवायचा, सेल्फ मारायचा आणि निळी ठिणगी दिसली की 'प्लग ओके' म्हणायचं. मोकळ्या हवेत ती ठिणगी चार-पाच हजार व्होल्टला पडते. त्याच प्लगला आत वीस हजार लागतील तेव्हा तो काय करेल, हे त्यातून कळत नाही. शिवाय उघड्या प्लगहोलमधून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, आणि प्लग नीट टेकला नाही तर कॉइलला वीज सोडायला जागाच मिळत नाही. मग ती आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते. इंजेक्शनच्या गाड्यांवर ही परीक्षा करूच नका.

प्रत्येक ठिणगीला कॉइलकडून मिळणारी ऊर्जा ठरलेली असते, साधारण ३० ते १०० मिलिज्यूल. गॅप वाढला की त्यातला मोठा वाटा फट फोडण्यातच खर्च होतो आणि ठिणगी जळायला उरणारा वेळ आखडतो. ०.८ मिमीचा गॅप झिजून १.२ झाला तर कॉइलला दर ठिणगीला जास्त उंच चढावं लागतं, आणि वर्षभर असं चाललं की तिचं इन्सुलेशन दमतं. कॉइल जळाली म्हणून नवी कॉइल घातली, प्लग मात्र जुनेच ठेवले, तर काही महिन्यांत शेजारच्या सिलिंडरची कॉइल जाते. दोष कॉइलच्या कंपनीला दिला जातो. कॉइल बदलताना चारही प्लगचा गॅप मोजायलाच हवा.

अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळी प्रायमरीचं सर्किट जोडायचं-तोडायचं ईसीएमचं हे काम सीबी पॉइंट, म्हणजे यांत्रिक स्विचचे दोन संपर्कबिंदू, करायचे. डिस्ट्रिब्युटरमधला कॅम ते पॉइंट उघडायचा, कंडेन्सर त्यांच्यातली ठिणगी शोषायचा आणि रोटर वीज एकेका प्लगकडे वाटायचा. पॉइंट जळाले, त्यांचा गॅप हलला की गाडीचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळही हलायची. त्या काळात दर काही हजार किलोमीटरला प्लग साफ करायची सवय पडली ती तेव्हाच्या कार्बुरेटरमुळे. ती आज काही कामाची नाही. पुढे डिस्ट्रिब्युटर गेला आणि दोन प्लगना एक कॉइल आली. त्यात एक ठिणगी कामाची आणि दुसरी एक्झॉस्ट स्ट्रोकला वाया जाणारी. आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. उच्च दाबाच्या मॅग्नेटोला (इंजिनबरोबर फिरून स्वतः वीज तयार करणाऱ्या यंत्राला) जोडलेला आजच्या धर्तीचा प्लग बॉशचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये आणला. मधल्या काळात वीज पुरवणारी यंत्रणा पूर्ण बदलली, प्लगचा आराखडा मात्र ओळखू येण्याइतका तोच राहिला.

ठिणगी आधी का पडते

३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. मिश्रण पेटून दाब टोकाला जायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. पिस्टन वरच्या टोकाला पोचल्यावर ठिणगी टाकली, तर दाब तयार होईपर्यंत पिस्टन बराच खाली गेलेला असेल. म्हणून ठिणगी टीडीसीच्या, म्हणजे पिस्टनच्या त्या वरच्या टोकाच्या, आधी टाकतात, वेग आणि लोडप्रमाणे १० ते ३५ अंश आधी, म्हणजे दाबाचं शिखर टीडीसीनंतर साधारण १५ अंशांवर येतं. हे सगळं ईसीएम बघतो. पण ठिणगी पडली आणि ज्योत धरायला उशीर झाला, तर तो उशीर ईसीएमला सहसा दिसत नाही. गाडी फक्त जड वाटते आणि पेट्रोल जास्त खाते.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे ३००० आरपीएमला प्रत्येक प्लगमध्ये सेकंदाला २५. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर आणि सरासरी २००० आरपीएम धरले, तर ४० हजार किलोमीटरमध्ये एका प्लगवर सुमारे सहा कोटी ठिणग्या पडतात. दर ठिणगीला इलेक्ट्रोडचा अगदी सूक्ष्म कण उडतो. प्लग झिजतो म्हणजे नेमकं हे होतं. वीज नेहमी धारदार कडेवरून सहज उडते, म्हणून नव्या प्लगच्या चौकोनी कडा त्याच्या कामाच्या असतात. त्या गोल झाल्या की गॅप तोच असूनही जास्त व्होल्टेज लागतं.

हातात घेऊन बघा

वरच्या टोकाला टर्मिनल. त्याखाली पांढरं चिनी मातीसारखं दिसणारं इन्सुलेटर, पण ती चिनी माती नसते. ते ॲल्युमिना असतं, वीज अडवणारं आणि उष्णता बऱ्यापैकी वाहून नेणारं. त्यावरची आडवी वळणं शोभेची नाहीत. पृष्ठभागावरून सरपटत जाणाऱ्या विजेचा रस्ता त्यांनी लांबतो. आत मधल्या दांड्यात सुमारे ५ हजार ओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो, म्हणजे ठिणगीमुळे उठणारी रेडिओ खरखर दबते. ही खरखर फक्त गाण्यांना त्रास देत नाही, सेन्सरच्या तारांमध्येही शिरते. जुन्या स्टॉकमधला बिनरेझिस्टरचा प्लग नव्या गाडीत घालू नका. मल्टिमीटर टर्मिनलपासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत लावला तर साधारण ३ ते ७ किलोओहम दिसायला हवेत. अनंत दाखवलं तर रेझिस्टर तुटलाय, प्लग कितीही नवा दिसो.

पोलादी शेलवर षटकोन, त्याखाली वॉशर, मग आटे. काही प्लगना वॉशर नसतो, तिथे शंकूच्या आकाराची बैठक असते. सगळ्यात खाली मधला इलेक्ट्रोड आणि त्यावर वाकलेली अर्थ पट्टी. मधल्या इलेक्ट्रोडला ऋण भार देतात. तो जास्त तापलेला असतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, त्यामुळे कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते. दोन प्लगना एक कॉइल असलेल्या गाड्यांत मात्र अर्धे प्लग उलट्या दिशेने चालतात. तिथे दोन प्लगचा मधला इलेक्ट्रोड झिजलेला आणि दोनांची पट्टी झिजलेली दिसेल. तो बिघाड नव्हे.

प्लग फरशीवर पडला तर सरळ फेकून द्या. इन्सुलेटरला गेलेला केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, विजेला मात्र बरोबर सापडतो.

गरम प्लग, थंड प्लग

'हॉट प्लग' म्हणजे जोरदार ठिणगीचा प्लग, हा समज पक्का आहे आणि पूर्ण चुकीचा आहे. हीट रेंजचा ठिणगीशी काही संबंध नाही. इन्सुलेटरचं टोक लांब असेल तर उष्णतेला शेलपर्यंत पोचायला लांबचा रस्ता, टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते, तो थंड प्लग.

टोकाचं तापमान ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर त्यावर बसणारी काजळी जळून जाते आणि प्लग स्वतःच साफ राहतो. ८५० अंशांच्या पुढे गेलं तर टोक इतकं लालबुंद होतं की ठिणगीची वाट न बघता मिश्रण त्यावरच पेटतं. हे प्री-इग्निशन पिस्टनला भोक पाडू शकतं. हीट रेंजची एक पायरी बदलली की टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी सरकतं, म्हणून कंपनीने दिलेल्या रेंजपासून हलायचं खास कारण नसेल तर हलू नका. टर्बोचं बूस्ट वाढवलेल्या गाडीला एक पायरी थंड प्लग लागतो. रोज भाजी मंडईपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीला लागत नाही.

आकड्यांमध्ये एक खोच आहे. एनजीके आणि डेन्सो यांच्याकडे आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉश आणि चँपियन यांच्याकडे उलट, आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एनजीकेचा ६, डेन्सोचा २० आणि बॉशचा ७ साधारण एका पातळीचे. काउंटरवर 'सहा नंबर नाही, सात घेऊन जा' असं कुणी म्हणालं तर आधी कंपनी विचारा.

एनजीकेचा बीकेआर६ई-११ घ्या. बीके म्हणजे १४ मिमी आटे आणि १६ मिमीचा षटकोन, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी आणि ११ म्हणजे गॅप १.१ मिमी. यातली लांबी चुकली तर सगळ्यात महागात पडते. ई च्या जागी एच म्हणजे १२.७ मिमीचा प्लग बसला तर ठिणगी भोकातच दडते आणि हेडचे उघडे आटे कार्बनने भरतात. पुढे बरोबर लांबीचा प्लग घालायला गेलं की तो त्या कार्बनवर अडतो. उलट लांब प्लग घातला तर पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याला ठोकरतो.

इरिडियमचे पैसे कशाचे

निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम साधारण २४४६ ला. इरिडियम इतकं कणखर असल्याने मधला इलेक्ट्रोड ०.४ ते ०.६ मिमी इतका बारीक करता येतो. निकेलचा सुमारे अडीच मिमी जाड असतो. बारीक टोकावरून वीज कमी व्होल्टेजला सुटते, आणि नुकत्याच धरलेल्या इवल्या ज्योतीची उष्णता शोषून घ्यायला आसपास धातूही कमी असतो. निकेल प्लग २० ते ४० हजार किलोमीटर चालतो. प्लॅटिनम आणि इरिडियम ८० हजार ते एक लाखापर्यंत. थंडीत सेल्फ लवकर घेणं, आयडल थोडा सुधारणं, इतपत फरक जाणवतो. पिकअप वाढतो असं ज्यांना वाटतं, त्यांचे आधीचे प्लग बहुतेक पार झिजलेले होते. नवे निकेल प्लग घातले असते तरी तेच वाटलं असतं.

तीन-चार अर्थ पट्ट्यांचे प्लगही मिळतात. ठिणगी एका वेळी एकाच पट्टीवर पडते. पट्ट्या आळीपाळीने झिजतात, आयुष्य वाढतं, ताकद नाही. माझं मत विचाराल तर कंपनीने इरिडियम दिला असेल तर इरिडियमच घाला, कारण ईसीएमचं कॅलिब्रेशन आणि सर्व्हिसचा कालावधी त्यावरच बेतलेला असतो. निकेल दिला असेल आणि प्लग सहज हाताला येत असतील तर निकेलवर समाधान माना. जिथे इनटेक मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय प्लग दिसतही नाहीत, तिथे मजुरीच प्लगपेक्षा जास्त होते. तिथे इरिडियमच परवडतो.

जुना प्लग काय सांगतो

प्लग काढताना सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. एकाच डब्यात टाकले की निम्मी माहिती गेली. चारही सारखे दिसत असतील तर कारण सगळ्या इंजिनाचं, एकच वेगळा असेल तर त्या सिलिंडरचं.

फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक असेल तर काही बघायचं नाही. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) होतंय, एअर फिल्टर तुंबलाय, ऑक्सिजन सेन्सर चुकतोय, किंवा गाडी इतकी कमी पळते की प्लग ४५० अंशांपर्यंत पोचतच नाही. कार्बन वीज वाहून नेतो, म्हणून काजळलेल्या इन्सुलेटरवरून वीज हळूहळू शेलकडे गळते आणि गॅप फोडायला लागणारं व्होल्टेज चढतच नाही. 'प्लग शॉर्ट झाला' म्हणतात ते हेच. ओला, तेलकट काळा प्लग असेल तर व्हॉल्व्हच्या सील किंवा पिस्टन रिंगांकडे बघा, प्लग बदलून ते थांबणार नाही. फक्त पेट्रोलने ओला असेल तर बहुतेकदा त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडलेलीच नाही. पांढराफटक, फोड आलेला, कडा वितळलेला प्लग म्हणजे अतितापमान. मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), टायमिंग जास्त पुढे, कूलिंगमध्ये बिघाड, किंवा प्लग सैल बसलेला. हे शेवटचं कारण लोक विसरतात. बैठक घट्ट नसेल तर उष्णता हेडमध्ये जायला रस्ताच राहत नाही, आणि योग्य रेंजचा प्लगही जळतो. टोकावर विटकरी लाल थर दिसला तर तो गंज नसून फेरोसीनसारख्या लोहयुक्त अ‍ॅडिटिव्हची राख असते.

षटकोनाच्या अगदी वर इन्सुलेटरवर तपकिरी कडं दिसतं. पुष्कळ जण ते गॅस गळतीचं लक्षण समजतात. तो कोरोनाचा डाग, म्हणजे उच्च व्होल्टेजमुळे इन्सुलेटरभोवतीच्या हवेत वीज झिरपते आणि हवेतली तेलकट धूळ ओढली जाऊन चिकटते. तो बिनधोक असतो. पण टर्मिनलपासून षटकोनापर्यंत उभी काळी रेघ दिसली तर वीज बाहेरून पळते आहे. तशीच रेघ प्लगच्या डोक्यावर चढणाऱ्या रबरी टोपणाच्या, म्हणजे बूटच्या, आतही उमटलेली असते. म्हणून बूट न बदलता फक्त प्लग बदललात तर नवा प्लगही त्याच वाटेने जातो.

वायर ब्रशने प्लग घासू नका. ब्रशचा धातू इन्सुलेटरवर पेन्सिलीसारखा उमटतो आणि गळतीला नवा रस्ता मिळतो. इरिडियमला तर ब्रश लावायचाच नाही, ते टोक एका घासणीत जाऊ शकतं.

सीएनजीवर झटके, पेट्रोलवर ठीक

मुंबई-पुण्यात ही तक्रार रोजची. मिथेनचं मिश्रण फोडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यात द्रवरूप इंधनाची वाफ होताना आत येणारी हवा थोडी थंड होते, तो गारवा गॅसमध्ये मिळत नाही, म्हणून प्लगचं टोकही जास्त तापतं. त्यामुळे झिजलेला प्लग, तडकलेला बूट किंवा थकलेली कॉइल सगळ्यात आधी सीएनजीवर उघडी पडते. पेट्रोलवर ती अजून काही महिने निभावून नेते. रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅस इंजेक्टरवर पैसे घालण्याआधी प्लग काढून बघा.

सीएनजीचा प्लग वाचताना रंगावर जाऊ नका. गॅस जवळपास काजळी सोडत नाही, म्हणून तो प्लग पांढरट आणि 'नव्यासारखा' दिसतो. 'एकदम क्लीन आहे, चालेल अजून' हे वाक्य तिथूनच येतं. गॅप मोजा, कडा बघा. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत गॅप ०.७ ते ०.८ पर्यंत आणला तर बहुतेकदा झटके थांबतात. कारखान्यातून सीएनजी बसवून आलेल्या गाडीला पुस्तकातलाच गॅप ठेवा आणि बदलण्याचा कालावधी पेट्रोलपेक्षा कमी धरा.

बदलताना

इंजिन पूर्ण थंड हवं. गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे सोबत येतात. बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडा. कॉइलचा कनेक्टर जुना झाला की त्याची क्लिप ठिसूळ होते, खेचू नका, दाबून मग ओढा. कॉइलचा १० चा बोल्ट काढा, कॉइल थोडी पिळून वर घ्या. प्लग काढायच्या आधी त्या खोल भोकात कॉम्प्रेसरची हवा मारा. तिथे साठलेली वाळू प्लग निघाल्यावर सरळ सिलिंडरमध्ये पडते. भोकात तेल सापडलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा प्लगट्यूबची सील गळते आहे. ते तेल बूटचं रबर फुगवतं आणि मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं, सुरू होतं. पाणी सापडलं तर पाऊस किंवा इंजिनवर मारलेलं प्रेशरचं पाणी. सर्व्हिसिंगहून परत येताना गाडी मिसिंग करू लागली तर आधी तिथेच बघा.

१६ मिमीचा, आत रबर किंवा चुंबक असलेला प्लगपाना आणि लांब एक्स्टेन्शन घ्या. प्लग कडक निघाला तर जोर लावू नका. आटे सोडवणारं तेल टाका, थोडं थांबा, अर्धा आटा पुढे, अर्धा मागे असं करत बाहेर काढा.

नव्या प्लगचा गॅप आधी मोजा, 'प्री-गॅप्ड' लिहिलेलं असलं तरी. वाहतुकीत पट्टी दबते. गोल तारेचा गेज वापरा. झिजलेल्या प्लगच्या पट्टीला खळगा पडलेला असतो, सपाट फिलर गेज त्याच्या कडांवर टेकतो आणि गॅप खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. वाकवायची ती अर्थ पट्टीच. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊन पट्टी उचलू नका, इन्सुलेटर तडकतं.

प्लग बसवायला त्याच्या टर्मिनलवर रबरी पाइपचा वीतभर तुकडा चढवा आणि त्याने फिरवा. आटे वाकडे लागले तर पाइप आपोआप घसरतो, पान्याने मात्र तेच आटे सोलून निघतात. पहिले चार-पाच वेढे असेच सहज जायला हवेत. मग टॉर्क रेंच. ॲल्युमिनियम हेड आणि वॉशरचा प्लग असेल तर १४ मिमीला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. टॉर्क रेंच नसेल तर १४ मिमीचा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, वॉशर एकदा दाबला गेलेला जुना प्लग असेल तर फेऱ्याचा बारावा भाग, शंकू बैठकीचा असेल तर सोळावा. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावू नका. घर्षण कमी झालं की रेंचवर २५ दिसत असताना आटे त्याहून बरेच जास्त ताणले जातात, आणि आजच्या प्लगवर मुलामा असतोच. डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणाऱ्या ग्रीसचा पातळ थर फक्त बूटच्या आतल्या कडेला, म्हणजे पावसाळ्यात ओल शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट फाटत नाही.

तरीही मिसिंग असेल तर

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावा. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड सिलिंडरचा नंबर सांगतात. समजा पी०३०१ आला. पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची पहिल्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल दोषी. पी०३०१ च राहिला तर आता प्लगची अदलाबदल करा. तरीही पहिलाच सिलिंडर येत असेल तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासा. इंजिनचा दिवा नुसता न पेटता लुकलुकत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आहे, त्याची जाळी वितळली की प्लगच्या कित्येक पट खर्च.

इंजिन फ्लड होऊन, म्हणजे आत पेट्रोल जास्त साठून, चारही प्लग भिजले असतील तर बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीएम पेट्रोल बंद ठेवतो आणि सिलिंडर कोरडे होतात. एका वेळी पाच-सात सेकंदच, नाहीतर सेल्फ तापतो.

नकली प्लग बाजारात भरपूर आहेत, विशेषतः इरिडियमचे. मधला इलेक्ट्रोड पट्टीच्या बरोबर खाली नसेल, पट्टीचं वेल्डिंग ओबडधोबड असेल, वॉशर आट्यांवरून गळून पडत असेल, इन्सुलेटरवरची छपाई नखाने खरवडली जात असेल तर परत करा. इरिडियमची किंमत निकेलच्या जवळपास सांगितली जात असेल तर उघडून बघायचीही गरज नाही.

आणि हेडचे आटे गेलेच, तर हेड उतरवायची घाई करू नका. टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत घट्ट ग्रीस भरून भोकाला मोठे आटे पाडता येतात. चुरा ग्रीसमध्येच अडकतो, दर दोन वेढ्यांना टॅप बाहेर काढून पुसायचा आणि पुन्हा ग्रीस भरायचं. त्यात आतून प्लगच्या मापाचे आटे असलेला पोलादी इन्सर्ट बसवायचा. उरलेला चुरा व्हॅक्यूमच्या बारीक नळीने ओढायचा, मग प्लग न लावता, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, दोन-तीनदा सेल्फ मारायचा, म्हणजे राहिलेला कण हवेबरोबर बाहेर पडतो. चेहरा भोकासमोर नको.